विकायच्या सॉफ्टवेअरसाठी पायक्यूटी की पायसाइड?

पायथॉनमध्ये डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहून ते विकायचे ठरले की निवड बहुधा पायक्यूटी आणि पायसाइड या दोहोंपाशी येऊन थांबते. दोन्ही क्यूटीवरच, म्हणजे खिडक्या-बटणे असा प्रोग्रॅमचा दिसणारा भाग बनवण्याच्या साधनसंचावर, उभी आहेत आणि दोहोंतील कोड जवळपास सारखा असतो. खरा फरक परवान्याचा आहे. 2009 मध्ये नोकियाने पायसाइड पुढे आणले तेही याच कारणाने, कारण क्यूटी तेव्हा एलजीपीएल या सैल मुक्त परवान्याखाली आले होते, पण पायक्यूटी जीपीएल हा कडक मुक्त परवाना किंवा विकतचा व्यावसायिक परवाना अशा दोनच वाटांनी मिळत होते. आजही तसेच आहे.

जीपीएल विक्रीला मनाई करत नाही, हे आधी स्पष्ट करायला हवे. मात्र ज्याला प्रत विकाल त्याला तुमच्या प्रोग्रॅमचा संपूर्ण सोर्स कोड मागण्याचा आणि तो पुढे वाटण्याचा हक्क मिळतो. हे नको असेल तर पायक्यूटीचा व्यावसायिक परवाना घ्यावा. तो प्रत्येक डेव्हलपरमागे असतो, विकलेल्या प्रतींवर रॉयल्टी नसते, आणि त्याची किंमत मला कधी अवाजवी वाटली नाही.

माझा निर्णय पायसाइडच्या बाजूने ठरला तो वेगळ्याच त्रासामुळे. जीपीएलची आणि व्यावसायिक अशा दोन्ही प्रती कोडमध्ये एकाच नावाने आयात होतात. नव्या संगणकावर कोणी सवयीप्रमाणे पिपने (पायथॉनची पॅकेजे उतरवून बसवणाऱ्या साधनाने) पायक्यूटी बसवले की जीपीएलची प्रत येते. प्रोग्रॅम तसाच चालतो, चाचण्याही पार पडतात, आणि ग्राहकाकडे जाणाऱ्या इन्स्टॉलरमध्ये कोणती प्रत बांधली गेली हे वरवर पाहून कळत नाही. यात बनवणाऱ्यांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही, पण ज्या लहान कार्यालयात काम करणारी माणसे बदलत असतात तिथे प्रत्येक आवृत्तीपूर्वी ही तपासणी करत राहणे मला फार जड गेले. एकट्याने काम करणाऱ्याला किंवा पायक्यूटीवर मोठा जुना कोड असणाऱ्याला कदाचित ते तितकेसे जाचणार नाही.

पायसाइडमध्ये ही धास्ती नाही, कारण पिपने येणारी प्रत एलजीपीएलखाली वापरता येते आणि तुमचा स्वतःचा कोड बंद, म्हणजे इतरांना न दाखवता, राहू शकतो. बंधने मात्र आहेत: परवान्याचा मजकूर सोबत द्यावा लागतो, आणि ग्राहकाला क्यूटीच्या लायब्ररी (प्रोग्रॅम वापरतो त्या तयार कोडच्या फाइली) बदलून तोच प्रोग्रॅम चालवता आला पाहिजे. म्हणून पायइन्स्टॉलरने (पायथॉन प्रोग्रॅम ग्राहकाला देण्याजोगा बांधणाऱ्या साधनाने) सर्व काही एकाच फाइलमध्ये कोंबण्याऐवजी मी फोल्डरच्या रूपात बांधणी करतो, ज्यात त्या लायब्ररी वेगळ्या दिसतात. तुमच्या ग्राहककराराच्या भाषेत या लायब्ररींतील बदल तपासण्यासाठी लागणाऱ्या रिव्हर्स इंजिनिअरिंगला (तयार प्रोग्रॅम उलगडून तो कसा चालतो हे पाहण्याला) सरसकट बंदी नाही ना, हे एखाद्या वकिलाकडून पाहून घेणे बरे. शिवाय आलेख काढणाऱ्या क्यूटी चार्ट्ससारखे क्यूटीचे काही भाग एलजीपीएलखाली मिळतच नाहीत, केवळ जीपीएल किंवा व्यावसायिक परवान्याखाली मिळतात. आलेख काढायचे असतील तर त्यासाठी मॅटप्लॉटलिब या पायथॉनच्या आलेख-लायब्ररीसारखा दुसरा पर्याय पहिल्या दिवसापासूनच धरावा.