सीगल घ्यावं की जॉन्सन?
जुनं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) घ्यायचं तर मी ब्रिटिश सीगलच घेईन. एकच सिलिंडर, सगळं उघडंवाघडं; मोजके पाने असले की अंगणात खोलता येतं. जुन्या मॉडेलांना 10 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल लागतं, त्यामुळे धूर भरपूर. क्लच नसेल तर इंजिन पेटताक्षणी होडी निघते, म्हणून दोरी ओढण्याआधी समोर बघा!

1950च्या दशकातलं अमेरिकन जॉन्सन चालायला कितीतरी मऊ. पण फ्लायव्हील (इंजिनच्या माथ्यावरचं जड चाक) काढलं की मॅग्नेटोच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या, कॉइलवर बहुतेकदा तडे दिसतात. कॉइल, पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे संपर्क) आणि पाण्याच्या पंपाचं रबरी इम्पेलर (आतलं फिरतं चाक), एवढा खर्च धरूनच भाव करा. गिअर ऑइल दुधाळ असेल तर सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय. सीगलमध्ये मात्र थोडं पाणी शिरतंच, तिथे घाबरू नका.