चाक जाम, बिल गिअरबॉक्सचं

लॉन ट्रॅक्टरचं मागचं चाक निघत नाही म्हणून ट्रान्सॲक्सल बदलायला लागेल, असं कोणी सांगितलं तर त्याला तिथूनच निरोप द्या. ट्रान्सॲक्सल म्हणजे मागच्या दोन चाकांमधली गिअरची पेटी. चाक अडकतं ते पेटीच्या बाहेर, चाक ज्यावर बसतं त्या दांड्यावर. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. तो आहे असं भासवून एका माणसाने आमचे अकराशे डॉलर नेले.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने गराजमध्ये क्राफ्ट्समनचा, म्हणजे सिअर्स या दुकानसाखळीच्या ब्रँडचा, जुना ट्रॅक्टर सोडला होता. गवत उत्तम कापतो, फक्त मागच्या डाव्या टायरची हवा हळूहळू उतरायची. टायरमध्ये ट्यूब टाकायची तर चाक काढायला हवं, आणि ते तसूभर हलेना. किराणा दुकानातल्या फळ्यावर एकाचं कार्ड होतं : घरी येऊन गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो. आला. गोड बोलणारा, कामाचे बूट, मागे ट्रेलर. संशय यावा असं काहीही नव्हतं.

आल्या आल्या त्याने दांड्याच्या टोकावर मोठ्या हातोड्याने दणादण घाव घातले. मग थोडा वेळ गॅसच्या टॉर्चची ज्योत धरून तापवलं, पुन्हा घाव. शेवटी हात पुसत म्हणाला, ‘आतून जाम झालाय. ट्रान्सॲक्सल गेला. सिअर्स बुडाल्यापासून याचे पार्ट बाजारात नाहीत, माझ्या ओळखीत एक नवा आहे.’ अर्धे पैसे आगाऊ, तेही झेलवर, म्हणजे बँकेतून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायच्या सेवेवर. कार्ड घेत नाही म्हणाला, मशीनची फी परवडत नाही म्हणे. ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवून घेऊन गेला. काही दिवसांनी आणून दिला, खाली काळा कुळकुळीत नवा रंग, चाकात ट्यूब, उरलेले पैसे घेतले आणि गेला. जुना पार्ट मागितला तर ‘भंगारात टाकला’.

पुढच्याच आठवड्यात गराजच्या फरशीवर तेलाचे थेंब दिसायला लागले.

माझा मोठा भाऊ बारामतीजवळ ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर फिटर होता. व्हिडिओ कॉलवर त्याला तेल दाखवलं. तेलाचं राहू दे, आधी मला सांग, म्हणाला, ‘तो न्यायला आला तेव्हा ट्रॅक्टर ट्रेलरवर चढला कसा? ओढून?’

‘नाही दादा, स्वतःच चढला.’

‘मग गिअरबॉक्स मेला कधी रे?’

सगळी भानगड त्या एका प्रश्नात आली. जी पेटी यंत्राला उतरणीवरून वर चढवते, ती जाम झालेली नसते. मग म्हणाला, दांड्याचं टोक दाखव. चाकावरची टोपी काढली. टोक कडेने पसरलेलं आणि वरून घासून चकचकीत केलेलं. ‘नव्या मालाला हातोड्याचे वण असतात होय?’ खाली झोपून बघितलं तर पेटीवरच्या अर्धवट फाटलेल्या स्टिकरची कड रंगाखालून जशीच्या तशी वर आली होती. तोच स्टिकर मुलीने पहिल्या दिवशी मजा म्हणून काढलेल्या फोटोत आहे. आमचीच पेटी रंगवून आम्हालाच नवी म्हणून विकली! रंगाच्या डब्याला किती पडले असतील, दहा डॉलर?

पार्ट मिळत नाहीत हीही थापच. सिअर्सने २०१८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली हे खरं, पण क्राफ्ट्समनचे ट्रॅक्टर सिअर्सने कधी बनवलेच नाहीत. सीटखालच्या पट्टीवर मॉडेल नंबर असतो. तो ९१७ ने सुरू होत असेल तर यंत्र एवायपीचं, म्हणजे पुढे हुस्क्वार्नाकडे गेलेल्या कारखान्याचं. २४७ असेल तर एमटीडी या दुसऱ्या कंपनीचं. त्या नंबरावर बरेचसे पार्ट आजही सरळ मागवता येतात.

आता ते चाक. बहुतेक अशा ट्रॅक्टरांवर मागचा दांडा पाऊण इंची असतो. दांड्याला खाच, हबला (चाकाच्या मधल्या भागाला) आतून खाच, आणि दोन्हींत मिळून बसणारी ३/१६ इंचाची चौकोनी चावी. बाहेरून एक ई आकाराची क्लिप चाकाला सुटू देत नाही. पाऊसपाणी, ओलं गवत, खत यांनी दांडा आणि हब गंजाने एकजीव होतात. बस, दुखणं एवढंच. दांड्याच्या टोकावर घाव घातला की तो घाव गंजाला कमी आणि पेटीच्या आत जास्त लागतो. आत डिफरन्शियलचे गिअर, बाहेर ॲल्युमिनियमचं कवच, तोंडाशी तेलाचं सील. आमचं सील त्या घावांनीच गेलं असावं, असं दादाचं म्हणणं. गॅसचा टॉर्चही जपून. टायरमध्ये हवा असताना चाक तापवणं म्हणजे फुटण्याला आमंत्रण.

पैसे काही परत आले नाहीत. झेलने स्वतःहून पाठवलेली रक्कम बँक परत आणून देत नाही, ‘तुम्हीच मंजूर केली होती’ म्हणाली. कार्डाने दिले असते तर निदान तक्रार घालून अडवता आले असते, आणि म्हणूनच तो कार्ड घेत नव्हता. न्यू जर्सीचा १९६० चा ग्राहक-फसवणूक कायदा चांगला कडक आहे, सिद्ध झालं तर नुकसानीच्या तिप्पट भरपाई मिळते. पण नोटीस बजावायला पत्ता लागतो. फळ्यावरच्या त्याच्या कार्डातला पत्ता भाड्याने टपालपेटी देणाऱ्या दुकानाचा निघाला. राज्याच्या ग्राहक विभागाकडे फोटो जोडून तक्रार दिली आहे.

त्यामुळे घरी कोणी आला तर कामाआधी पेटीवरच्या स्टिकरचा आणि दांड्याच्या टोकाचा फोटो त्याच्यासमोर काढा. काढलेला जुना पार्ट परत हवा हे बिलावर लिहून घ्या. आणि पैसे कार्डानेच.

ट्रॅक्टरचं म्हणाल तर त्या गृहस्थाने चाक पुन्हा कोरडंच ठोकून बसवलं होतं. दादा रोज फोन करून विचारायचा, तेल सोडलंस का? क्लिप काढून पीबी ब्लास्टर, म्हणजे गंज सोडवणारं तेल, सोडत राहिलो. मग क्लिपशिवायच सपाट हिरवळीवर अगदी हळू, आठाच्या आकड्यात गोल गोल फिरवला, चाक किती सरकतंय त्यावर नजर ठेवून. थोडं सुटल्यावर हवा काढली आणि पुलर लावला. इथे ऑटो पार्ट्सच्या दुकानांत पुलर अनामत ठेवून नेता येतो, परत केला की पूर्ण पैसे परत. हबच्या मागे पकड घेऊन दांड्याच्या टोकावर स्क्रूचा सावकाश दाब दिला. एकदा कडाक् आवाज आला तेव्हा पोटात गोळा आला, पण तो गंज तुटल्याचा होता. दांडा पॉलिश पेपरने घासला, चाक पुन्हा अडकू नये म्हणून अँटी-सीझचं वंगण लावलं, नवी चावी बसवली. सील ९१७ च्या नंबरावरून मागवलं आहे, ते येईपर्यंत खाली पत्र्याचा ट्रे ठेवलाय.