तपकिरी अस्वलासाठी .३०-०६ की .३७५?

तपकिरी अस्वलाच्या शिकारीसाठी .३०-०६ काडतुसाची रायफल घ्यावी की .३७५ ची, हा प्रश्न नागपुरात विचारणाऱ्यास आधी सांगितले पाहिजे की पेंच व मेळघाटातील अस्वल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. पुढील तुलना अलास्कापुरतीच आहे, जिथे परवान्याने शिकार चालते आणि परदेशी शिकाऱ्याला मार्गदर्शक सोबत घ्यावाच लागतो.

अमेरिकी सैन्याने १९०६ मध्ये स्वीकारलेले .३०-०६ काडतूस २२० ग्रेनच्या (सुमारे १४ ग्रॅमच्या) गोळीला नळीच्या तोंडाशी सुमारे ३,८०० ज्यूल ऊर्जा देते. हॉलंड अँड हॉलंड या ब्रिटिश बंदूक-निर्मात्यांचे १९१२ चे .३७५ मॅग्नम काडतूस ३०० ग्रेनच्या गोळीला सुमारे ५,८०० ज्यूल देते. कागदावर निकाल स्पष्ट दिसतो. परंतु .३७५ चा खांद्याला बसणारा झटका जवळपास दुप्पट असतो, आणि एअर रायफल व हलक्या झटक्याच्या .२२ रायफलीवर हात बसलेला आपल्याकडील नेमबाज त्या झटक्याच्या धास्तीने चाप ओढतानाच अंग आक्रसून घेतो, त्यामुळे गोळी फुप्फुसांऐवजी पोटात जाऊन जनावर जखमी अवस्थेत झाडीत शिरते. अशा नेमबाजाने, माझ्या मते, .३०-०६ च घ्यावी. मात्र गोळी खोलवर जाईपर्यंत न फुटणारी, मजबूत बांधणीचीच हवी.

दाट झाडीत जखमी अस्वलाचा माग काढणाऱ्या मार्गदर्शकाच्या हातात मात्र .३७५ च शोभते, कारण तिथे अंतर काही पावलांचे असते आणि खांद्याचे हाड फोडूनच धाव थांबवावी लागते.