पसारा टिपणारी 35 मिमी: निकॉन डी5600 वर सात महिने, आणि काठावरची अर्धी बादली

निकॉन डी5600 कॅमेरा आणि 35 मिमी लेन्स घेऊन सात महिने पुण्याच्या पेठांतल्या दुकानांचा पसारा टिपतो आहे. आधी तक्रार, कारण सात महिन्यांत सगळ्यात जास्त वेळ तिनेच खाल्ला आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) फ्रेम नीट लावावी, चारही कोपरे बघावेत, काही अर्धवट कापलं जात नाही याची खात्री करावी आणि मगच बटण दाबावं. घरी फोटो मोठा करून बघितला की डाव्या काठावर निळ्या बादलीचा अर्धा कान, वर दोरीला टांगलेल्या केरसुणीची शेपटी आणि उजवीकडे कुणाचं तरी कोपर. फ्रेम लावताना यातलं काहीच दिसलेलं नसतं.

कारण मॅन्युअलमध्येच दिलं आहे: डी5600 चा व्ह्यूफाइंडर आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजूंना सुमारे 95 टक्केच फ्रेम दाखवतो. ऐकायला 5 टक्के किरकोळ वाटतात, पण दोन्ही बाजूंचे धरले तर क्षेत्रफळाचा जवळपास दहावा भाग न बघता टिपला जातो. 6000 बाय 4000 पिक्सेलच्या फाइलमध्ये डावी-उजवीकडे सरासरी 150-150 आणि वर-खाली 100-100 पिक्सेल. 35 मिमी लेन्सने तीन मीटरवरून साधारण दोन मीटर रुंदीचं दृश्य मावतं, म्हणजे प्रत्येक बाजूला पाच सेंटीमीटर जास्तीचे येतात. मोकळ्या माळावर किंवा समुद्रावर हे पाच सेंटीमीटर कुणाला कळणारही नाहीत. पण बोहरी आळीतल्या दुकानासमोर पाच सेंटीमीटरांत नरसाळं, दोरीचं वेटोळं आणि तगारीची कड असं सगळं मावतं. पसाऱ्याच्या फोटोत काठ हाच सगळ्यात नाजूक भाग. आत कितीही गर्दी असली तरी नजर ती निस्तरते, पण काठावर एक अर्धी वस्तू आली की सगळी रचना तिकडे सांडते.

आपल्या कॅमेऱ्याच्या बॉडीत ही वाढ नेमकी किती आणि कुठे आहे ते एकदा मोजून ठेवावं. भिंतीवर मोजपट्टी आडवी चिकटवायची आणि कॅमेरा ट्रायपॉडवर समोर, भिंतीला समांतर. व्ह्यूफाइंडरच्या डाव्या काठावर 10 सेंटीमीटरची खूण आणि उजव्या काठावर 110 ची खूण येईल इतकं अंतर ठेवायचं आणि फोटो काढायचा. फोटोत पट्टी कुठून कुठपर्यंत दिसते ते वाचायचं. माझ्या बॉडीत डावीकडे तीन सेंटीमीटर जास्त येतात आणि उजवीकडे दोनहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे 170 आणि 130 पिक्सेल. दोन्ही बाजू सारख्या नाहीत हे कळल्यावर डावीकडे जास्त सावध राहायची सवय लागते. उभ्या बाजूसाठी हेच पट्टी उभी लावून. दहा मिनिटांचं काम आहे, आणि या कॅमेऱ्यावर याहून उपयोगी दहा मिनिटं मी घालवलेली नाहीत.

आता लेन्स. एएफ-एस डीएक्स 35 मिमी एफ/1.8जी 2009 पासून बाजारात आहे आणि तिचे आकडे इथे बहुतेकांना पाठ असतील, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. लोक ती घेतात ती एफ/1.8 साठी (उजेड आत येण्याचं तिचं सगळ्यात मोठं भोक; आकडा वाढला की भोक लहान होतं), मागचं सगळं धूसर करायला. पहिले दोन महिने माझेही बहुतेक फोटो एफ/1.8 ते 2.2 वर आहेत, आणि ते आता पाहवत नाहीत. मंडईत भाजीवालीचा चेहरा स्पष्ट आणि मागे हिरवा-लाल लगदा! मागे नक्की काय होतं हेच फोटोत उरलं नाही. मंडईची ती 1886 ची दगडी इमारत, मधला अष्टकोन, उंच छपरातून खाली येणारा उजेड, त्याखाली वजनकाट्याच्या साखळ्या, गाळ्यावरचा देवाचा फोटो, त्याला वाहिलेला कालचा हार, कोथिंबिरीवर टाकलेलं ओलं पोतं. हे पुसायचं असेल तर मंडईत कशाला जायचं? भिंतीपुढे उभं करूनही तोच फोटो निघेल.

तिसऱ्या महिन्यापासून एफ/8 ठरलं, आणि लेन्सबद्दलचं मत तिथे बदललं. हिशेब असा: एफ/1.8 वर तीन मीटरवर फोकस केला तर स्पष्ट पट्टा जेमतेम अर्धा मीटर, 2.75 ते 3.3 मीटर. एफ/8 वर तोच पट्टा साधारण 2.2 ते 4.9 मीटर होतो. पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानाला हे माप अंगाला बेतल्यासारखं बसतं: दारात टांगलेले झाडू सव्वादोन मीटरवर, गल्ला तीनवर, मागच्या फळ्या साडेचारवर. फोकस गल्ल्यावर ठेवायचा. दारातल्या वस्तूवर ठेवला तर मागच्या फळ्या जातात, आणि पसाऱ्यात नजर सगळ्यात जास्त वेळ रेंगाळते ती त्या मागच्या फळ्यांवरच. एफ/11 वर पट्टा 6.5 मीटरपर्यंत जातो, पण 24 मेगापिक्सेलवर तिथून बारीक तपशील मऊ व्हायला लागतो. एफ/16 मी वापरत नाही.

ऑटोफोकसचा पॉइंट कॅमेऱ्यावर सोडू नये. 39 पॉइंटांतून तो बहुतेक वेळा जवळची, ठळक कडेची वस्तू उचलतो, आणि दुकानात जवळची वस्तू म्हणजे नेहमी टांगलेलं काहीतरी: उलथणं, साखळी, दोरी. सिंगल पॉइंट, मधला, आणि एएफ-एस मोड (एकदा फोकस लागला की थांबणारा; लेन्सच्या नावातलं एएफ-एस वेगळं). एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑन (फोकस लावण्याचं काम) नेमून दिलं की एकदा गल्ल्यावर फोकस करून अंगठा काढायचा आणि मग निवांत फ्रेम लावायची. शटर दाबताना फोकस पुन्हा हलत नाही.

लेन्सला व्हीआर (हात हलण्याची भरपाई) नाही आणि बॉडीतही स्थिरीकरण नाही. एफ/8 वर छपराखाली हे टोचतं. शटर 1/125 सेकंदाच्या फार खाली नेलं की हात हलतो, माणसं चालत असतील तर 1/250 लागतो, मग आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) 1600 ते 3200. पण पसाऱ्याच्या फोटोत आयएसओचे दाणे फारसे दिसतच नाहीत, कारण सपाट मोकळी जागाच नसते. आकाशात किंवा कोऱ्या भिंतीवर 3200 चे दाणे डोळ्यांत येतात, पण हळदीच्या पोत्यावर शोधावे लागतात. स्वस्त एलईडी दिव्यांखाली मात्र 1/250 वर आडवे काळपट पट्टे येऊ शकतात, कारण आपल्या 50 हर्ट्झ विजेवर ते सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. तिथे 1/100 वर यायचं आणि माणसं थांबल्यावर टिपायचं.

रंगांचा सगळ्यात मोठा शत्रू निळी ताडपत्री. तुळशीबागेसारख्या गल्ल्यांत वरून निळं-पिवळं प्लास्टिक, आत पांढरे दिवे, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग ओळखून पांढरं पांढरं दाखवणारी सोय) त्यांच्यामध्ये लोंबकळतो. रॉ मध्ये (प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) टिपून, त्याच जागी ग्रे कार्डचा (करड्या पुठ्ठ्याचा) एक फोटो घेऊन ठेवला तर अर्धं काम होतं. दोन्ही उजेड एकाच फ्रेममध्ये असतील तर एका आकड्याने सुटणार नाही. ज्या उजेडात मुख्य वस्तू आहे तो बरोबर करायचा आणि दुसरा तसाच ठेवायचा. रंग जमेना म्हणून कृष्णधवल करण्याची घाई करू नये. पसाऱ्यात वस्तू एकमेकींपासून सुटतात त्या रंगांमुळे. टोमॅटो आणि मिरच्या दोन्ही सारख्याच करड्या झाल्या की ढीग आणि ढीग एक होतात. करायचंच असेल तर लाल आणि हिरव्याचं वजन वेगवेगळं देऊन करावं.

लेन्सचा स्वतःचा एकच दोष लिहिण्यासारखा आहे: उघड्या अ‍ॅपर्चरला चमकत्या कडांवर येणारी रंगीत किनार. ती नीट बघायची असेल तर कसब्यात तांबट आळीत जावं. मठारकाम केलेल्या बंबावर किंवा हंड्यावर हातोडीच्या प्रत्येक ठोक्याचा एक उथळ खळगा असतो आणि प्रत्येक खळग्यात उजेडाचा एक ठिपका. एफ/1.8 वर फोकसच्या अलीकडचे ठिपके जांभळट आणि पलीकडचे हिरवट होतात. एकाच हंड्याच्या पोटावर डावीकडून उजवीकडे रंग बदलत जातो, आणि तांब्याचा स्वतःचा लालसर रंगच हरवतो. मोठ्या अ‍ॅपर्चरच्या बहुतेक लेन्समध्ये हे असतं. एफ/4 ला बरंच जातं, एफ/5.6 नंतर शोधून सापडत नाही. सॉफ्टवेअरमधलं डीफ्रिंज (रंगीत किनार पुसणारी सोय) वापरलं तर जांभळ्या वांग्यांच्या कडाही फिकट होतात, म्हणून ते वापरण्यापेक्षा अ‍ॅपर्चर लहान केलेलं बरं. तांब्यावर एक्स्पोजर -0.7 ठेवावं, नाहीतर ते ठिपके कोरे पांढरे होतात आणि मागाहून परत येत नाहीत. जाता जाता एक: या सेन्सरवर लो-पास फिल्टर (बारीक जाळीवरचे खोटे पट्टे रोखणारी काच) नाही, त्यामुळे एकावर एक रचलेल्या पिठाच्या चाळण्यांच्या जाळीवर इंद्रधनुषी पट्टे उमटतात. अर्धं पाऊल पुढे-मागे झालं की बहुधा निघून जातात.

झूम नसल्याची अडचण खरी आहे. तीन मीटर रुंदीचं अख्खं दुकान मावायला साडेचार मीटर मागे जावं लागतं, आणि पेठेच्या गल्लीत तेवढं मागे गेलं की पाठीला समोरचं दुकान लागतं. म्हणून अख्ख्या दुकानाचा नाद सोडायचा आणि दोन मीटर रुंदीचा तुकडा निवडायचा. निवडताना मी एकच गोष्ट बघतो: या तुकड्यात तीन-चार वेळा परत येणारं काही आहे का? गोल गोल झाकणं, एकाच जातीच्या केरसुण्या, लाल टोपणांच्या बरण्या. तो धागा असला की बाकीचा पसारा त्याच्याभोवती आपोआप बसतो. मग दुकानाच्या फळ्यांना समांतर, सरळ समोर उभं राहायचं. जरा तिरकं उभं राहिलं की प्रत्येक फळीची रेघ वेगळ्या दिशेला पळते आणि गर्दी दुप्पट वाटते. जमिनीवर पसरलेला माल असेल तर स्क्रीन उलगडून कॅमेरा डोक्यावर धरावा. लाइव्ह व्ह्यूत (स्क्रीनवर बघताना) पूर्ण 100 टक्के फ्रेम दिसते, म्हणजे बादलीचा प्रश्नच मिटतो. पण तिथे फोकस संथ लागतो, कमी उजेडात पुढे-मागे शोधत बसतो, आणि बॅटरी भराभर उतरते. चालत्या माणसांसाठी व्ह्यूफाइंडरच.

त्या 95 टक्क्यांबद्दल पाचव्या महिन्यात मत निम्मं बदललं. हातात धरून काढलेले फोटो एक-दोन अंश तिरके असतातच, आणि फळ्यांच्या फोटोत एक अंशही खुपतो. फोटो दोन अंश फिरवून, 3:2 प्रमाण राखून कापला तर लांबी-रुंदी जवळपास 95 टक्के उरते. म्हणजे दोन अंशांची दुरुस्ती केल्यावर साधारण तेवढीच चौकट हातात येते जेवढी व्ह्यूफाइंडरमध्ये लावली होती. पूर्ण फ्रेम दाखवणाऱ्या बॉडीत काठोकाठ लावलेला फोटो सरळ करताना कामाची वस्तू कापली जाते. इथे कापली जाते ती बादली. म्हणून आता डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये (फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे) क्रम ठरलेला आहे: आधी लेन्स करेक्शन, मग फिरवणं, मग क्रॉप, आणि रंग-उजेड त्यानंतर. लोकल कॉन्ट्रास्ट (शेजारच्या भागांतला उजेड-अंधाराचा फरक) सगळ्या फोटोवर वाढवू नये, प्रत्येक वस्तू सारखीच ओरडायला लागते. मुख्य धाग्यावर ब्रशने तिसरा हिस्सा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) उजेड आणि कोपऱ्यांत तेवढाच अंधार पुरतो.

निकॉनच्याच डी7500 ला 100 टक्के व्ह्यूफाइंडर आहे हे माहीत आहे. 150 पिक्सेलसाठी बॉडी बदलायची नाही. ही लेन्स जुनी, आठ हजारांच्या आसपास मिळाली, सोबत एचबी-46 हूड (लेन्सच्या पुढे लावायचं कडं) होतं, आणि मिरची-मसाल्याच्या गल्लीत तेच हूड फिल्टरचं काम करतं. पुढच्या काचेवर तिखटाची पूड बसली तर आधी ब्लोअर, कापड नंतर. उलटं केलं तर पूड काचेवर घासली जाते.

फोटो पाठवताना पसाऱ्याचं नुकसान सगळ्यात जास्त होतं. जेपेग 8 बाय 8 च्या चौकोनांत चित्र दाबतं. आकाशाचा चौकोन दाबून फारसं काही जात नाही, पण मोहरीच्या ढिगाच्या प्रत्येक चौकोनात तपशील असतो, तो चिखल होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, किंवा लांब बाजू आपणच 1600 पिक्सेल करून, हलकं शार्पनिंग देऊन पाठवावी. इन्स्टाग्रामसाठी 1080 बाय 1350 चा उभा क्रॉप. आडवा फोटो फोनवर इतका लहान होतो की बरण्यांवरची अक्षरं वाचता येत नाहीत. आणि एका दुकानाचा एकच फोटो टाकावा. दहा टाकले की बघणारा अंगठा फिरवत पुढे जातो, एकावर मात्र थांबून आतल्या वस्तू शोधत बसतो.

दुकानदाराला मात्र छापील प्रत द्यावी. 12 बाय 18 इंचावर ही फाइल 333 डीपीआय (इंचाला ठिपके) पडते आणि प्रमाणही तंतोतंत 3:2, काही कापावं लागत नाही. मागच्या फळीवरच्या डब्यावरचं नाव वाचता येतं, आणि दुकानदार पहिल्यांदा तेच वाचतो. लॅबला बॉर्डरलेस सांगू नये, त्यात प्रत्येक बाजूचे दोन-तीन मिलिमीटर जातात आणि जपून लावलेला काठ पुन्हा कापला जातो. किमान पाव इंच पांढरी बॉर्डर ठेवून, मॅट कागदावर. ग्लॉसीवर स्टीलच्या भांड्यांवर दुकानातल्या ट्यूबलाइटचा पट्टा पडतो.