डोमेन खरेदी-विक्रीच्या सेवा: पैसा कुठे अडकतो आणि कोणती सेवा घ्यावी

डोमेन नावांचा धंदा कागदावर फार सोपा दिसतो. दहा-अकरा डॉलरला नाव घ्यायचं आणि दोन हजारांना विकायचं. ज्यांचे हात पोळतात त्यांच्या खरेदीत डोळ्यांना खुपण्यासारखं काही नसतं. घातलेली रक्कम किरकोळ असते, तोटा तिसऱ्या-चौथ्या रिन्यूअलपर्यंत (नावाचं वार्षिक नूतनीकरण) हळूहळू साचत जातो. म्हणून मूल्यांकन, लिलाव, विक्रीची बाजारपेठ आणि एस्क्रो (सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारा तिसरा पक्ष) या सेवांना इथे एकच कसोटी लावली आहे: नाव खऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात जाऊन पैसे पदरात पडायला ती सेवा किती मदत करते?

आधी रिन्यूअलचं गणित, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डॉट कॉमची रजिस्ट्री, म्हणजे त्या सगळ्या नावांची मूळ नोंदवही, व्हेरिसाइनकडे आहे. तिचा घाऊक दर २०२१ पर्यंत ७.८५ डॉलर होता, तो टप्प्याटप्प्याने वाढत सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलरवर गेला. त्यावर डोमेन व्यवस्था सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेचं किरकोळ शुल्क आणि आपल्याला नाव नोंदवून देणाऱ्या रजिस्ट्रारचा नफा. पहिल्या वर्षाच्या सवलतीचा आकडा या हिशेबात धरूच नये. रजिस्ट्रारच्या दरपत्रकातला रिन्यूअलचा रकाना तेवढा बघावा. समजा २०० नावं आहेत आणि दरवर्षी प्रत्येकी ११ डॉलर जातात, म्हणजे खर्च २,२०० डॉलर. वर्षाला शंभरात एक ते दोन नावं विकली जाणं हा मुरलेल्या लोकांचाही नेहमीचा अंदाज असतो. दीड टक्का धरला तर तीन नावं गेली. सरासरी १,५०० डॉलरने ४,५०० आले, २० टक्के कमिशन वजा जाऊन ३,६०० उरले आणि रिन्यूअल भागवून हातात १,४००. यातून खरेदीचा खर्च अजून वजा केलेला नाही. आता नावं जरा सुमार आहेत आणि वर्षात एकच विकलं गेलं असं धरा: १,२०० आले, २,२०० गेले, हजार डॉलर खिशातून. नवशिक्याच्या यादीचं चित्र बहुतेक वेळा हे दुसरं असतं, आणि नावं वाढवल्याने ते सुधारत नाही, तोटा तेवढा मोठा होतो.

हे गणित बिघडायला सुरुवात होते ती स्वयंचलित मूल्यांकनाने. एस्टिबॉट किंवा गोडॅडीचं मूल्यांकन साधन नावाचे शब्द सुटे करतं, प्रत्येक शब्दाची मागणी, नावाची लांबी आणि तशा नावांच्या जुन्या विक्री बघून आकडा काढतं. ‘होमलोन’ आणि ‘लोनहोम’ यांतला फरक कानाला लगेच कळतो, पण दोन्ही शब्द महागडे असल्यामुळे उलट्या जोडीलाही यंत्र भारदस्त आकडा देऊ शकतं. ‘बेस्टक्लाउडफिटनेसहब’ अशा चार शब्दांच्या नावाला हजारभर डॉलरचा आकडा दिसला, तरी ते नाव आपल्या पाटीवर लावायला कोण तयार होईल, हा प्रश्न यंत्राला पडत नाही. दुसऱ्या टोकाला, लहान आणि उच्चारायला सोपं असं बनवलेलं नाव यंत्राला अर्थहीन वाटतं आणि ते त्याला क्षुल्लक भाव देतं. शेकडो नावांची यादी पटकन चाळायला हे साधन चालेल. विक्रीची किंमत ठरवायला माझ्या मते ते निरुपयोगी आहे.

त्यापेक्षा नेमबायो या नोंदवलेल्या विक्रींच्या साठ्यावर दहा मिनिटं घालवावीत. आपल्या नावातला मुख्य शब्द टाकायचा, तो सुरुवातीला आहे की शेवटी हे ठरवायचं, एक्स्टेन्शन (डॉट कॉमसारखं नावाचं शेपूट) तेच ठेवायचं आणि मुदत गेल्या तीन वर्षांची घ्यायची. आलेल्या ओळींत किमतीइतकाच विक्रीच्या ठिकाणाचा रकाना महत्त्वाचा असतो. विक्री मुदत संपलेल्या नावांच्या लिलावात झाली असेल तर तो दुसऱ्या गुंतवणूकदाराने दिलेला घाऊक भाव आहे; बाजारपेठेवर ठरलेल्या किमतीला झाली असेल तर तो वापरणाऱ्याने दिलेला भाव असण्याची शक्यता जास्त. या दोन भावांत सहज दहापट फरक असतो. दोन्हींची सरासरी काढली की आकडा बिनकामाचा होतो. शिवाय तिथे फक्त विकली गेलेली नावं दिसतात, पडून राहिलेली दिसत नाहीत, हेही ध्यानात ठेवावं लागतं. मग हेच नाव दुसऱ्या एक्स्टेन्शनवर किंवा पुढे-मागे एखादा शब्द जोडून चालू असलेले किती धंदे वापरतात ते मोजावं. असे दहा-पंधरा चालते धंदे सापडत नसतील तर ते नाव सोडून द्यावं, मग ते कितीही आवडलेलं असो.

मूल्यांकनाच्या नावाखाली एक जुनी फसवणूकही चालते. नावासाठी भरघोस बोली देणारा मेल येतो, भाव जवळपास ठरतो आणि मग खरेदीदार म्हणतो की अमुक संकेतस्थळावरचं प्रमाणपत्र हवं. प्रमाणपत्राचे पैसे भरले की खरेदीदार गायब होतो. खरा खरेदीदार विकणाऱ्याला असं प्रमाणपत्र मागत नाही.

मुदत संपलेल्या नावांचे लिलाव ही या धंद्यातली सगळ्यात कामाची सेवा आहे, आणि बेसावध माणसाला सगळ्यात जास्त खर्चात पाडणारीही. आधी नावाचा प्रवास माहीत हवा. डॉट कॉमची मुदत संपल्यावर रजिस्ट्रारनुसार ४५ दिवसांपर्यंतचा सवलतीचा काळ असतो. लिलाव बहुधा याच काळात होतो. तिथे नाव खपलं नाही आणि मालकही परतला नाही, तर नाव रद्द होऊन ३० दिवसांच्या रिडेम्प्शनमध्ये (मालकाला नाव सोडवून घ्यायची शेवटची संधी) जातं, मग पाच दिवस पेंडिंग डिलीट आणि त्यानंतर ते मोकळं होतं. ड्रॉपकॅच, स्नॅपनेम्स यांसारख्या सेवा त्या मोकळ्या होण्याच्या क्षणी झडप घालतात. यातून दोन गोष्टी निघतात. लिलाव जिंकलात तरी जुना मालक सवलतीच्या काळात नाव परत घेऊ शकतो. पैसे परत मिळतात, पण तोवर ते अडकून पडतात. म्हणून नाव खात्यात येईपर्यंत त्याची जाहिरात करू नये किंवा कोणाला शब्द देऊ नये. दुसरं, शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढतो आणि बोली चढत राहते. नावाला जास्तीत जास्त किती द्यायचं हा आकडा लिलाव सुरू होण्याआधी लिहून ठेवावा. घाऊक भावाच्या वर गेलेली बोली म्हणजे आपला नफा आपणच विकणाऱ्याला देणं.

बोली लावण्याआधी नावाचा इतिहास तपासायचाच. वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या जुन्या रूपांच्या साठ्यावर दरवर्षीची एक-दोन चित्रं उघडून बघावीत. मध्येच जुगाराची किंवा औषधांची पानं दिसली, किंवा भाषा अचानक बदलली, तर नाव स्पॅमसाठी वापरलं गेलंय असं समजावं. स्पॅमहाउस या संस्थेच्या स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीत नाव नाही ना तेही बघावं, कारण काळ्या यादीतल्या नावावरून नवीन मालकाचे मेल पोचत नाहीत आणि सौदा झाल्यावर कटकट उभी राहते. ‘जुने दुवे आहेत म्हणून किंमत जास्त’ असं सांगून विकली जाणारी नावं तर आता आणखीच धोक्याची झाली आहेत. गुगलने मार्च २०२४ मध्ये मुदत संपलेल्या डोमेनचा गैरवापर हा स्पॅमचा वेगळा प्रकार म्हणून जाहीर केला, तेव्हापासून केवळ जुन्या पुण्याईवर पैसे मोजण्यात अर्थ राहिलेला नाही.

सगळ्यात महाग चूक म्हणजे ट्रेडमार्क असलेलं नाव घेणं. स्पेलिंग थोडं बदललेलं प्रसिद्ध नाव स्वस्तात मिळतं ते जाणकारांनी हात न लावल्यामुळे. १९९९ पासून लागू असलेल्या यूडीआरपी या डोमेन नावांचे वाद सोडवणाऱ्या प्रक्रियेत तक्रारदाराने तीन गोष्टी दाखवायच्या असतात: नाव त्याच्या चिन्हाशी गोंधळात पाडण्याइतकं सारखं आहे, तुमचा त्यावर वैध हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने नोंदवलं व वापरलं. वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) एक ते पाच नावांसाठी आणि एका सदस्याच्या पॅनेलसाठी तक्रारीचं शुल्क १,५०० डॉलर आहे, कंपनीला ती रक्कम काहीच नाही. तुमच्याकडे उत्तराला २० दिवस असतात. निकाल विरुद्ध गेला की नाव जातं आणि भरलेला सगळा पैसा बुडतो. अमेरिकेच्या कायद्याखाली खटला झाला तर एका नावामागे १,००० ते १,००,००० डॉलर भरपाई लागू शकते. लोक नेमकं इथेच स्वतःहून कंपनीला ‘हे नाव आमच्याकडे आहे, घ्या’ असं पत्र लिहितात आणि वाईट हेतूचा लेखी पुरावा तिच्या हातात ठेवतात.

नवीन एक्स्टेन्शनबद्दल मत स्पष्ट आहे: गुंतवणूक म्हणून टाळा. २०१३ च्या अखेरीपासून शेकडो एक्स्टेन्शन आली. पहिलं वर्ष एक-दोन डॉलरला आणि रिन्यूअल तीस-चाळीसला असा मामला त्यांत सर्रास असतो, आणि प्रीमियम नावांना ते काही शे डॉलरही पडतं. त्या दराला वरची मर्यादा नाही. २०१७ मध्ये युनिरजिस्ट्रीने आपल्या काही एक्स्टेन्शनचे दर कित्येक पटींनी वाढवायचं जाहीर केलं तेव्हा हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. रजिस्ट्रीला अशा वाढीची सहा महिने आधी सूचना द्यावी लागते आणि तोवर जुन्या दराने दहा वर्षांपर्यंत नूतनीकरण करता येतं. वापरात असलेल्या नावासाठी ही सोय सोन्यासारखी आहे, विकायला ठेवलेल्या नावात मात्र तिने आणखी भांडवल अडकतं. देशांच्या एक्स्टेन्शनचा धोका वेगळा. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधल्या मालकांना डॉट ईयू नावांचा हक्क गमवावा लागला. तिथला नियम बदलला तर तुमच्या हातात काहीच नसतं.

लाटेवर स्वार होऊन घेतलेल्या नावांचं फार लांबवत नाही. २०१५ च्या शेवटी चिनी खरेदीदारांमुळे स्वर आणि व्ही वगळलेल्या चार अक्षरी डॉट कॉमचा तळाचा भाव दोन हजार डॉलरच्या वर गेला होता. २०१६ मध्ये तो पडला आणि वरच्या भावाला घेणारे वर्षानुवर्षं अडकले. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकने नाव बदलल्यावर ‘मेटा’ जोडलेल्या नावांचीही तशीच रीघ लागली. बातमी वाचून नाव नोंदवायला गेलात, तर चांगली नावं आधीच गेलेली असतात.

विकायला ठेवताना आफ्टरनिक आणि सेडो या मोठ्या बाजारपेठा आहेत. कमिशन साधारण १५ ते २५ टक्के जातं, आणि नेमसर्व्हर (नाव टाकल्यावर कुठलं पान उघडेल हे ठरवणारे सर्व्हर) त्यांचे लावले की आफ्टरनिककडे ते कमी होतं, म्हणून नोंदणी करताना हा पर्याय आधी बघावा. पन्नास डॉलरचं जाहिरातीचं उत्पन्न मिळेल या आशेने पार्किंग पान लावण्यापेक्षा ठरलेली किंमत आणि ‘आत्ता घ्या’चं बटण असलेलं विक्रीचं पान लावा, पार्किंगची कमाई आता नगण्य झाली आहे. इथे एक चूक वारंवार होते. एकच नाव दोन ठिकाणी वेगवेगळ्या किमतीला टाकलेलं असतं आणि एकीकडची जुनी किंमत विसरली जाते. फास्ट ट्रान्सफर चालू असेल तर त्या जुन्या, पडेल भावाला नाव आपोआप निघून जातं आणि मग भांडून उपयोग नसतो. किमतींची एकच तक्ता-फाइल ठेवावी आणि बदल एकाच दिवशी सगळीकडे करावा.

थेट सौदा झाला तर एस्क्रोशिवाय नाव सोडू नये. या सेवेत मला सगळ्यात कमी दोष दिसतात. क्रम असा: अटी, शुल्क कोण भरणार आणि तपासणीचे दिवस ठरवून व्यवहार उघडायचा, खरेदीदाराने पैसे भरल्याचं एस्क्रोच्या खात्यात स्वतः लॉगिन करून बघायचं, मेलमधल्या दुव्यावरून कधीच नाही, कारण खोटी एस्क्रो पानं हुबेहूब असतात, मगच रजिस्ट्रार लॉक काढून ऑथ कोड (नाव दुसरीकडे हलवायचा गुप्त संकेत) द्यायचा. नोंदणीला किंवा मागच्या हस्तांतरणाला ६० दिवस झाले नसतील तर नाव सहसा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलत नाही. अशा वेळी खरेदीदाराला त्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडायला सांगून आतल्या आत नाव पुश करावं, ते बहुतेक ठिकाणी काही मिनिटांत होतं.

न विकल्या जाणाऱ्या नावांसाठी ऑटो-रिन्यू आजच बंद करावं आणि मुदतीच्या ६० दिवस आधी प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारावा: वर्षभरात चौकशी आली का? दोन वर्षांत एकही नाही, तर ते नाव इतर गुंतवणूकदारांना घाऊक भावाने, म्हणजे मागितलेल्या किमतीच्या दहाव्या हिश्शाला देऊन टाकावं. त्या भावालाही कोणी घेत नसेल तर मुदत संपू द्यावी.