खरी जुनी की नवी थ्रोबॅक? एनएफएलच्या टोप्या शेजारी शेजारी ठेवून

माझा भाचा गेल्या वर्षी मास्टर्सला बोस्टनला आला आणि पहिल्या हिवाळ्यातच त्याला फुटबॉलचं वेड लागलं, आपलं फुटबॉल नाही हं, अमेरिकन, ज्याची लीग एनएफएल आणि इथली टीम पेट्रियट्स. मग एक दिवस फोन, "मामा, पेट्रियट्सची ती जुन्या लोगोवाली कॅप घ्यायचीय, वाकलेला माणूस असतो ना ती, ओरिजिनल शोधू की नवीन मिळते ती घेऊ?" माझ्याकडे दोन्ही होत्या, म्हटलं घरीच ये, जेवायलाही ये. त्या रात्री डायनिंग टेबलवर दोन्ही टोप्या ठेवून जे बोललो तेच इथे लिहितोय, कारण हा प्रश्न मला बरेच जण विचारतात.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. व्हिंटेज म्हणजे त्या काळात बनलेली, थ्रोबॅक म्हणजे जुना लोगो घेऊन आत्ता बनवलेली. ऑनलाइन विकणारे हे दोन्ही शब्द सर्रास एकत्र टाकतात आणि दहा वर्षांपूर्वीची थ्रोबॅकसुद्धा व्हिंटेज म्हणून खपते, तेव्हा फोटोत आतलं लेबल दाखवा असं आधी म्हणायचं, नाही दाखवलं तर सोडून द्यायची.

आता त्या वाकलेल्या माणसाबद्दल. त्याचं नाव पॅट पेट्रियट. फिल बिसेल नावाच्या बोस्टन ग्लोबच्या व्यंगचित्रकाराने 1960 मध्ये काढलेला, तीन टोकांची हॅट घातलेला क्रांतीच्या काळातला सैनिक, बॉल मागे द्यायच्या पोझमध्ये. 1961 पासून 1992 पर्यंत हेल्मेटवर हाच होता. 1979 मध्ये टीमने नवा, साधासा लोगो आणायचा घाट घातला आणि मॅचच्या मध्यंतरात प्रेक्षकांनाच विचारलं, तर स्टेडियमने ओरडून ओरडून पॅटलाच निवडलं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण लोगो लोकांचा असतो हे त्या दिवशी दिसलं. शेवटी 1993 मध्ये तो गेलाच आणि आत्ताचा चंदेरी चेहरा आला, ज्याला इथे सगळे फ्लाइंग एल्विस म्हणतात.

तर माझी जुनी कॅप त्या बदलाच्या जरा आधीची. हातात घेतली की पहिलं कळतं ते म्हणजे भरतकाम जाड आहे, पॅटची बोटं आणि बॉल एकमेकांत मिसळलेत, चेहऱ्यावर डोळा म्हणजे दोन टाके फक्त. लाल रंग विटून विटेसारखा झालाय. ब्रिमच्या, म्हणजे पुढच्या कडेच्या, खाली हिरवं कापड, उन्हाची चमक डोळ्यावर येऊ नये म्हणून असं सांगतात. मिचेल अँड नेस या कंपनीच्या नव्या थ्रोबॅक कॅपमध्येही खाली मुद्दाम हिरवंच लावलंय, पण वर बघा, प्रत्येक बोट वेगळं, भुवई वेगळी, धागा बारीक, सगळं स्वच्छ. भाच्याला नवी जास्त आवडली, मला जुनी. स्वच्छ चित्र चांगलंच दिसतं, खोटं कशाला बोलू, पण मूळ पॅट जरा ओबडधोबडच होता आणि तो ओबडधोबडपणा जुन्या धाग्यात उतरलाय.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. थ्रोबॅक कॅप म्हणजे बऱ्याचदा दोन काळांची सरमिसळ असते. साठच्या दशकात साइडलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, लोम्बार्डी, टॉम लँड्री हे कोच फेल्ट हॅट घालून उभे असायचे, चाहत्यांसाठी टीमच्या टोप्यांचा खरा बाजार नंतर झाला आणि स्नॅपबॅकचा, म्हणजे मागे प्लास्टिकची पट्टी असलेल्या कॅपचा, सुवर्णकाळ म्हणजे ऐंशीच्या दशकाचा शेवट ते नव्वदच्या दशकाचा मध्य. त्यामुळे साठच्या लोगोची सपाट ब्रिमवाली कॅप दिसली तर ती छानच दिसेल, पण तशी टोपी तेव्हा कुणाच्या डोक्यावर नव्हती.

त्या सुवर्णकाळात इतकी व्हरायटी का होती? कारण टीमचे लोगो वापरायचं लायसन्स अनेक कंपन्यांकडे होतं. न्यू हेवनची स्टार्टर, मागे तारा भरलेला. स्पोर्ट्स स्पेशालिटीज, टीमचं नाव तिरक्या लफ्फेदार अक्षरात. इंडियानापोलिसची लोगो अॅथलेटिक, तिची शार्कटूथ, करवतीसारखे दात काढलेली. प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा वेगळं दिसायचं होतं म्हणून डिझायनर वाट्टेल ते करून बघायचे. मग 2000 च्या शेवटी एनएफएलने रीबॉकला 10 वर्षांचा एकहाती करार दिला. अमेरिकन नीडल नावाची टोप्यांची जुनी कंपनी त्याविरुद्ध थेट सुप्रीम कोर्टात गेली आणि 2010 मध्ये 9-0 असा निकाल तिच्या बाजूने लागला, म्हणजे 32 टीम मिळून लायसन्सच्या बाबतीत स्वतःला एकच धंदा म्हणवून मक्तेदारीविरोधी कायद्यातून सुटू शकत नाहीत. पण तोवर तो काळ गेलेला होता. 2012 पासून साइडलाइनची कॅप न्यू एरा या कंपनीची.

म्हणून माझा ठोकताळा असा. ज्या टीमचा लोगो फारसा बदललेला नाही, रेडर्स, पॅकर्स, काउबॉइज, तिथे थ्रोबॅकला पैसे देण्यात अर्थ नाही, तिथे जुनीच घ्या, कारण तिची मजा कंपनीत आणि अक्षरांत आहे. रेडर्सची 'लॉस एंजेलिस' लिहिलेली कॅप म्हणजे टीम 1982 ते 1994 तिथे होती तो काळ, एन.डब्ल्यू.ए. या रॅप ग्रुपच्या डोक्यावरचा काळ, तो नव्या कॅपमध्ये येत नाही. उलट जिथे चित्रच बदललं, पेट्रियट्स, टँपा बेचा दातात खंजीर धरून डोळा मारणारा केशरी समुद्री चाचा, किंवा ईगल्सचा केली ग्रीन, म्हणजे भडक हिरवा रंग, जो 1995 नंतर गेला आणि 2023 मध्ये परत आला, तिथे नवी थ्रोबॅक मस्त चालते, कारण तुम्हाला चित्रच हवंय.

ऑयलर्सचं जरा वेगळं आहे. टीम 1997 मध्ये ह्यूस्टन सोडून टेनेसीला गेली, नाव-लोगोचे हक्क सोबत गेले, आणि 2023 मध्ये टायटन्सने, म्हणजे त्याच टीमने नव्या नावाने, तोच फिका निळा घालून ह्यूस्टनच्याच टीमशी मॅच खेळली. ह्यूस्टनमधल्या लोकांना ते फार लागलं. तिथे राहत असाल तर तेलाच्या डेरिकची, म्हणजे तेलविहिरीवरच्या मनोऱ्याच्या लोगोची, जुनी कॅप शोधाच, ती शहराची आठवण आहे.

पण जुनीचे त्रास सांगायलाच हवेत. फोमवाली ट्रकर, म्हणजे मागे जाळी असलेली कॅप, घेऊ नका, आतला फोम वर्षांनी भुगा होतो आणि केसांत पडतो. मागची प्लास्टिकची पट्टी कडक होते, माझी एक कॅप जानेवारीत पार्किंगमध्ये घालताना कट्कन तुटली, विकणाऱ्याने "एकदम ओके" म्हटलं होतं. खूप जुन्यांत ब्रिममध्ये पुठ्ठा असतो, म्हणजे पाऊस नाही, धुणं नाही. घामपट्टीचा वास तर विचारूच नका. न वापरलेली डेडस्टॉक मिळाली तरी प्लास्टिकचं वय तेवढंच असतं हे लक्षात ठेवा. नवी साधारण 30-40 डॉलरला मिळते, रोज घाला, पावसात घाला, हरवली तर दुसरी आणा. जुनीचा भाव मात्र 20 पासून शे-दोनशेपर्यंत कुठेही जातो, अवस्था आणि टीम बघून.

भाचा रोज ट्रेनने कॉलेजला जातो, बर्फ-पाऊस सगळ्यात, म्हणून मी त्याला नवीच घे म्हटलं आणि त्याने घेतलीही. जाताना मात्र माझी जुनी उचलून पॅटच्या त्या दोन टाक्यांच्या डोळ्याकडे बराच वेळ बघत होता. म्हटलं, तुझी डिग्री झाली की ही तुझी.