पहिलं विणकाम: मफलर की बाळाचं टोपरं?

दोन सुयांवरचं विणकाम शिकताना बहुतेक जण मफलरच सुचवतात. त्याला कारण आहे. तीस-पस्तीस टाके घालायचे आणि प्रत्येक ओळ सुलट विणत जायचं. कडा वळत नाहीत, टाके वाढवणं-घटवणं नाही, आणि हात थोडा सैल किंवा घट्ट पडला तरी गळ्याला काही फरक पडत नाही. पण दीड मीटर लांबी गाठेपर्यंत तीच ओळ शेकडो वेळा विणावी लागते. अनेकांचा मफलर हातभर होऊन कपाटात जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

टोपऱ्याला लोकर जेमतेम पन्नास ग्रॅम लागते. खालची पट्टी एक टाका सुलट-एक टाका उलट, पुढे साधी वीण, म्हणजे एक ओळ सुलट, एक ओळ उलट. वर टाके घटवायचे नसतील तर सरळ चौकोनी तुकडा विणा, शेवटच्या टाक्यांतून दोरा ओवून आवळा आणि बाजू शिवा. माप मात्र सांभाळावं लागतं. नवजात बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर भरतं, म्हणून आधी छोटा नमुना विणून दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा.

माझं मत टोपऱ्याच्या बाजूने आहे. सुलट आणि उलट दोन्ही टाके हाताला बसतात आणि वस्तू पूर्ण होते. मुंबईत तर मफलर वर्षातून किती दिवस लागणार? घरात बाळ नसेल आणि थंडीच्या गावी राहत असाल, तर मफलर घ्या.

दोन्हीसाठी ४ मिलिमीटरच्या सुया आणि फिक्या रंगाची गुळगुळीत लोकर. काळ्या किंवा केसाळ लोकरीत सुटलेला टाका दिसतच नाही.